आल्टोच्या रांगेत, रोटा सांभाळून

मिरजेच्या माणसाला गाणं येवो न येवो, तंबोऱ्याबद्दल मत असतंच. मला थोडं गाणंही येतं. गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग नर्सिंगला गेले आणि गाणं हळदीकुंकवापुरतं उरलं. इंग्लंडात लीड्सला आले, इथला दुसरा हिवाळा लागला तेव्हा लक्षात आलं, की आता मी भांडी घासतानाही गुणगुणत नाही.

अडचण वेळेची. वॉर्डातली ड्यूटी साडेबारा तासांची, कधी दिवस कधी रात्र, आणि दर महिन्याचा रोटा, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, वेगळा. ‘दर मंगळवारी सात वाजता’ ही गोष्ट माझ्या आयुष्यात बसतच नाही. एका क्वायरला, म्हणजे समूहगायनाच्या मंडळाला, विचारलं, तर आधी आवाजाची चाचणी, वर तीन तालमी बुडल्या की नाव कमी. मग हेडिंग्लीजवळ चर्चच्या हॉलमध्ये भरणारी एक क्वायर सापडली. चाचणी नाही, स्वरलिपी वाचता यायला हवी असंही नाही. मंगळवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी, जमेल तेव्हा यायचं आणि आलात त्या दिवसाचे पैसे द्यायचे. पहिली वेळ फुकट. अट एकच: कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तीन तालमींपैकी दोन तरी चुकवायच्या नाहीत.

पहिल्या शनिवारी गाणं बसवणाऱ्या कंडक्टरबाईंनी विचारलं, आवाज उंच की खालचा? मी म्हटलं, काळी चार. त्या बघतच राहिल्या. शेवटी पियानोवर बोट ठेवून दाखवलं. त्यांच्या भाषेत ती जी शार्प. दोन-चार स्वर म्हणवून घेतले आणि मला आल्टोत बसवलं.

आल्टो म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. चाल बहुतेक वेळा उंच आवाजाच्या सोप्रानोंकडे, आमच्याकडे तिला आधार देणारी ओळ. हे ऐकायला सोपं आहे. आपल्याकडे भजनाला पन्नास जणी असल्या तरी चाल एकच असते, जिला जमत नाही ती बाकीच्यांच्या मागून जाते. इथे मागून गेलं की चुकलं. माझी ओळ सा सा नी सा, सा सा रे सा एवढ्यातच घुटमळत होती, आणि चौथ्या मात्रेला मी खुशाल सोप्रानोंची चाल गायला लागले. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी कोपरानं ढोसलं आणि एका कानावर हात ठेवायला सांगितलं. कानावर हात तर आपले गवईही ठेवतात, पण स्वतःच्याच मंडळींपासून वाचण्यासाठी मी पहिल्यांदा ठेवला.

त्याच बाईंनी चहाच्या सुट्टीत सांगितलं, की शाळेत त्या डो-रे-मीवर गाणं शिकल्या, आणि तो ‘डो’ हलता होता. गाणं ज्या पट्टीत, तिथला डो. म्हणजे आपला सा! ही पद्धत इंग्लंडातलीच, एकोणिसाव्या शतकातली. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हरबाईंनी रचलेली आणि जॉन कर्वेन यांनी गावोगाव पोचवलेली. घरी येऊन मी आमच्या ओळीखाली देवनागरीत सारेगम लिहून काढलं. मध्येच पट्टी बदलते तिथे लाल पेनानं ‘नवा सा’. तेव्हापासून मला कोपर लागलं नाही.

मींड मात्र सुटता सुटेना. एका स्वरावरून दुसऱ्यावर मी घसरत जाते, आणि बाकीच्या टुणकन उडी मारून थेट पोचतात. कंडक्टरबाई गोड हसून थांबायच्या. ते हसू माझ्यासाठी आहे हे सगळ्या हॉलला कळायचं.

श्वासाचं गणित मला लगेच पटलं. लांब स्वर असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण गात असताना आपण हळूच घ्यायचा, मग ती घेईल. ऐकणाऱ्याला खंड कळत नाही. अगदी आमच्या वॉर्डातल्या जेवणाच्या सुट्टीसारखं.

नाइट लागल्या तेव्हा चार आठवडे गेले नाही. कुणी जाब विचारला नाही. प्रत्येक आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग फोनवर येतं, ते सकाळी घरी परतताना बसमध्ये ऐकायचे. पण या सोयीची किंमतही आहे. दर वेळी निम्म्या जणी नव्यानं आलेल्या, त्यामुळे पहिला अर्धा तास तेच ते. नेमानं येणाऱ्या वैतागतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं.

“तबला नाही? अगं, मग ताल कोण धरतं?”

“हातानं दाखवतात, आई.”

“आणि तंबोरा?”

तोही नाही. पियानो सुरुवातीचे स्वर देतो आणि गप्प बसतो. मग सगळी क्वायर मिळून हळूहळू खाली उतरते आणि शेवटी पियानो वाजला की कळतं, किती उतरलो ते. आई बराच वेळ हसत होती.

कार्यक्रम डिसेंबरातल्या एका शनिवारी होता आणि त्या दिवशी माझा लाँग डे, म्हणजे साडेबारा तासांची दिवसपाळी. केरळच्या एका सहकारिणीनं ड्यूटी बदलून घेतली, पण बदल्यात नाताळचा दिवस मागितला. दिला.

नाताळला दुपारी वॉर्डात रेडिओ लावला होता. कार्यक्रमात गायलेलं एक गाणं लागलं आणि आजीबाईंच्या उश्या सारख्या करता करता मी आपसूक गुणगुणायला लागले. आजीबाईंनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, “बाळ, आवाज छान आहे तुझा, पण चाल अशी नाही हं.” आणि मला चाल शिकवायला बसल्या.