साडेसात टोपणं

१० मे २०२३ ला कर्नाटक विधानसभेचं मतदान होतं. आमच्या मतदारसंघात किती उमेदवार उभे आहेत असं कुणी विचारलं असतं, तर मी डोकं खाजवलं असतं. पण मतदान संपायच्या ४८ तास आधी, म्हणजे ८ तारखेला संध्याकाळी दारूच्या दुकानांची शटरं खाली येणार आणि १३ तारखेला मोजणीच्या दिवशी पुन्हा बंद, हे तोंडपाठ होतं. ७ तारखेलाच तीन क्वार्टर, म्हणजे १८० मिलीच्या बाटल्या, माळ्यावर गेल्या होत्या, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे.

बेळगावकराला ही विद्या सोपी. एकीकडे शिनोळीला महाराष्ट्र लागतो, दुसरीकडे चोर्ला घाट उतरला की गोवा. इकडे बंद, तर तिकडे उघडं. सीमाप्रश्नातून एवढा फायदा दुसऱ्या कुणी काढला नसेल. २ ऑक्टोबरला तेवढं तिन्ही राज्यांचं एकमत असतं.

मी दारुडा नाही, याचा माझ्याकडे पक्का पुरावा होता: श्रावण. श्रावणात थेंब नाही, आणि तिथून थेट गणपती विसर्जनापर्यंत. (गटारीचं सोडा, ती सगळ्यांचीच असते.) "ज्याला सुटत नाही तो दारुडा, मी तर दरवर्षी सोडतो," हे मी इतक्यांदा ऐकवलं होतं की बायको निम्मं वाक्य स्वतःच पुरं करायची. मग एका श्रावणात ती कॅलेंडरपाशी थांबली. दुधाचे खाडे आम्ही तिथेच मांडतो. "अहो, हे ठिपके कसले? खाडे तर दोनच झाले की." रोजच्या तारखेखाली पेन्सिलीचा एकेक ठिपका होता. उपास धरलेल्याला पारण्याची घाई असतेच, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

दुकानंही मी तीन ठेवली होती. पहिल्या रेल्वे गेटजवळचं, तिसऱ्या गेटजवळचं आणि एक पार शहापुरातलं. कुणाच्याच नजरेत रोजचं गिऱ्हाईक ठरू नये म्हणून. एक दिवस तिसऱ्या गेटवाल्याने मी तोंड उघडायच्या आत क्वार्टर पेपरात गुंडाळून पुढे सरकवली. सुटे पैसेही तयार. मला इतका राग आला की मी उगाचच रम मागितली. रम मला आवडत नाही.

डॉक्टरकडे गेलो तो पित्तासाठी.

"किती घेता?"

"दोन पेग."

"मोजून?"

यावर काय बोलणार? मग त्यांनी चार प्रश्न विचारले. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की चिडता का? घेतल्याचं मनाला खातं का? सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का? जॉन युइंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९८४ साली छापलेले हे प्रश्न. दोन 'हो' आले तरी डॉक्टर कान टवकारतात. माझे तीन आले. चौथ्याला 'नाही' म्हणालो, कारण रविवारचे अकरा म्हणजे काही सकाळ नव्हे.

त्या रात्री नेहमीसारखा अंदाजाने स्टीलच्या पेल्यात पेग ओतला, पण पाणी घातलं नाही. मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घेतलं आणि पेल्यातली व्हिस्की टोपणाने वाटीत काढू लागलो. तीन टोपणांना पेग संपायला हवा होता. चौथं भरलं, पाचवं भरलं. सातवं काठोकाठ भरलं आणि वर अर्धं. ७५ मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे तीस मिलीत साधारण दहा ग्रॅम. माझे दोन पेग म्हणजे लोकांचे पाच. क्वार्टर संपायला एकच उरतो, आणि तो मी बाटलीचं बूच लावता लावता 'थोडंसं' म्हणून घेत असे. तो कधी हिशेबातच नव्हता.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना खरा आकडा सांगितला. त्यांना नवल वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी हात कापतात का? शर्टाची बटणं लावताना बघा. कापत असतील तर मनानेच एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी माझ्याकडे या."

दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभा राहिलो. खालची चार बटणं झटक्यात लागली. वरच्याला जरा वेळ लागला. शर्ट नवा होता, काजं घट्ट होती. हे मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगून आलो. तिने काही विचारलं नव्हतं.