चढणीवर सीमाप्रश्न सुटत नाही

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत सीमाप्रश्न रोज सकाळी सुटतो. एके काळी देवीच्या लशीसाठी राखलेला हा झाडीचा परिसर. आता चालायला येणाऱ्यांनी भरलेला असतो. आमच्या घोळक्यात एक निवृत्त हेडमास्तर, एक वकील, उद्यमबागेतले एक फौंड्रीवाले आणि मी. पहिल्या फेरीत १९५६ ची राज्य पुनर्रचना, दुसरीत महाजन अहवाल, तिसरीत २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा. कोण कधी काय म्हणालं, सगळं तोंडपाठ. गुडघे कुरकुरतात, पण आठवण शाबूत.

हीच मंडळी रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर न्यावीत. पायथ्याशी वकीलसाहेबांनी धरलेला मुद्दा पहिल्या खड्या वळणावरच सुटतो. ‘वर गेल्यावर सांगतो की, थांब’ म्हणतात आणि नंतर नुसते श्वास ऐकू येतात. मागच्या खेपेला ऐन चढणीत एका मोटारसायकलवाल्यानं कन्नडमधून वाट विचारली. आमच्यात हेडमास्तरांचं कन्नड सगळ्यात चोख. पण ते मराठीतच ‘वर... सरळ... देऊळ’ एवढं म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वर पोचून सावलीत टेकल्यावर मात्र त्यांनी दुसऱ्याच एका पाहुण्याला अस्खलित कन्नडमध्ये गडाचा इतिहास ऐकवला. त्या बिचाऱ्याने विचारलाही नव्हता.

तसं पाहिलं तर भाषा बदलणं हे फुकटातलं काम नव्हे. बेळगावात आपण दूधवाल्याशी एक, शेजाऱ्याशी दुसरी आणि बँकेत तिसरी भाषा बोलतो. म्हणजे दर वेळी जिभेवर आलेली एक मागे दाबायची आणि हवी ती पुढे काढायची. ही आवराआवर मुख्यतः कपाळामागच्या मेंदूकडे असते. तिची परीक्षा घेणारी एक साधी चाचणी स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली मांडली. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि आपण शाईचा रंग सांगायचा. सोपं वाटतं, करून बघा. वाचायचा मोह आवरता आवरत नाही. बेतशीर चालून आलेल्या माणसाला अशा चाचण्या थोड्या बऱ्या जमतात, असं बऱ्याच प्रयोगांत आढळलंय. पार दमेपर्यंत पळताना त्या द्यायला लावल्या तर मात्र गडबड व्हायला लागते.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण बसल्या जागीसुद्धा प्राणवायू खातो वीस टक्के. त्यात पाय, फुप्फुसं, तोल हे सगळं एकदम सांभाळायची वेळ आली की तो कपाळामागचं काम तेवढ्यापुरतं मागे ठेवतो, असा मेंदूचा अभ्यास करणाऱ्या आर्ने डीट्रिक यांचा तर्क आहे. सगळ्याच प्रयोगांत तो सारखा दिसत नाही. राजहंसगडावर मात्र दर रविवारी दिसतो.

तालमीतल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. आमच्या गल्लीतले वस्ताद नवा डाव पोरं ताजी असतानाच दाखवतात. जोर-बैठका काढून, लाल मातीत लढती करून पोरगं लोळागोळा झालं की म्हणतात, ‘आता याला काय शिकवू नका, मर्दा. येतंय तेच करू दे.’ आणि त्या अवस्थेतही घोटून घेतलेली ढाक पोरगं बरोबर मारतं. येर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे झटके देऊन जे पाहिलं, तेही याच वाटेचं. सोपी निवड शिकताना जोराचा झटकाही चालून गेला. निवड अवघड झाली तशी मध्यम झटक्यावर गाडी बरी चालली. वस्तादांना उंदीर लागले नाहीत एवढंच.

मध्यम म्हणजे किती, याला डॉक्टरांचं एक सोपं माप आहे: चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. हे माप काढणाऱ्यानं पायी दिंडी पाहिलेली नसावी. आमच्या खेड्यापाड्यांतली माणसं दिवसभर चालतात आणि अभंगावर अभंग म्हणतात, तेही वही न उघडता.

तरीही दमछाक अगदीच वाया जाते असं नाही. जर्मनीतल्या २००७ च्या एका प्रयोगात तरुण खेळाडूंना आधी तीन-तीन मिनिटं दोनदा जीव तोडून पळवलं आणि मग नवे शब्द पाठ करायला दिले. सावकाश पळालेल्यांपेक्षा किंवा नुसतं बसलेल्यांपेक्षा त्यांचं पाठांतर वीस टक्के लवकर झालं. म्हणजे धाप लागलेली असताना डोकं चालवायला सांगू नये. धाप बसली की तेच डोकं जास्त कामाचं. मला यातलं हेच खरं महत्त्वाचं वाटतं. किती व्यायाम करावा यावर सगळेच बोलतात; डोक्याला प्रश्न कधी विचारावा यावर फारसं कुणी बोलत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१६ साली याच्याही पुढची गंमत निघाली. लोकांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या. मग काहींना लगेच, काहींना चार तासांनी जोरकस सायकल मारायला लावली. बाकीच्यांना काहीच नाही. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा चार तासांनी सायकल मारणाऱ्यांना सगळ्यात जास्त आठवलं. लगेच मारणाऱ्यांचं मात्र न मारणाऱ्यांइतकंच.

मी हे भाचीला सांगितलं. तिची यंदा दहावी, आणि कन्नडची पद्यं काही केल्या डोक्यात राहत नाहीत. तिनं लगेच हिशेब मांडला. पहाटे पाचला पाठांतर केलं तर चार तासांनी ती शाळेच्या बसमध्ये. म्हणून पद्यं संध्याकाळी पाचला, आणि रात्री नऊला गच्चीवर दोरीच्या उड्या. बहिणीचा माझ्यावर राग आहे. पण तिच्यापेक्षा जास्त राग आहे तो गच्चीखालच्या खोलीत नऊला झोपणाऱ्या घरमालक आजोबांचा. ते म्हणतात, पोरीची पद्यं राहिली बाजूला, मलाच पाठ व्हायला लागलीत.