वाटीतला कापूस

चोपडा तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत मी चौथीच्या मुलांना शिकवतो. वस्तू कशाच्या बनतात आणि त्या पदार्थांचे गुणधर्म कोणते, हा पाठ मी वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घेत आलो. फळ्यावर तक्ता आखायचा, डावीकडे लोखंड, काच, लाकूड, कापूस अशी नावे लिहायची आणि पुढचे रकाने मुलांकडून भरून घ्यायचे. कापसापुढे ‘पाणी शोषतो’ हे तर मी न विचारताच लिहून मोकळा होत असे. यंदा हा पाठ नेमका वेचणीच्या दिवसांत आला, म्हणून मुलांना शेतातलाच कापूस आणायला सांगितले आणि तिथेच माझा तक्ता फसला.

एका मुलाने बोंडातला, सरकी काढलेला कापूस पाण्याच्या वाटीत टाकला, तर तो तरंगतच राहिला. बोटाने तळाशी दाबला तरी सोडताच वर येई, आणि त्याच्या तंतूंवर अळवाच्या पानावर थांबावेत तसे बारीक थेंब थांबलेले दिसत. “सर, हाऊ कापूस ते बुडसच नही!” तो ओरडला. “थांब, भिजेल थोड्या वेळाने,” असे म्हणून मी वेळ मारून नेली, हे कबूल केले पाहिजे. मधली सुट्टी संपली तरी कापूस कोरडाच. शेवटी मेडिकलमधून कापसाची गुंडाळी मागवली आणि त्यातला पुंजका शेजारच्या वाटीत टाकला, तो बघता बघता ओला होऊन बुडाला.

कापसाचा तंतू बहुतांशी सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते आणि त्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते, म्हणजे खरे तर त्याने बुडायलाच हवे. परंतु कच्च्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळे पाणी आत शिरत नाही, तंतूंमध्ये अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि पुंजका तरंगतो. औषधी कापूस तयार करताना तो अल्कलीच्या, म्हणजे सोड्यासारख्या पदार्थाच्या, द्रावणात उकळून हे मेण काढून टाकलेले असते. दुसऱ्या दिवशी मी घरी शेतातलाच कापूस धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बराच वेळ उकळला, स्वच्छ धुऊन वाळवला आणि वर्गात तिसऱ्या वाटीत टाकला. तो बुडाला, मेडिकलमधल्या कापसाइतका झटकन नव्हे, पण बुडाला.

त्यावर एका मुलीने विचारले, की शेतातला कापूस पाणी घेत नाही, तर व्यापारी ओलावा का मोजतात? प्रश्न घरातून आलेला होता. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला माल घेत नाहीत, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ऐकून ठाऊक असते. मेणाचा थर थेंबाला अडवतो, हवेतल्या बाष्पाला मात्र पुरता अडवू शकत नाही. म्हणून दमट हवेत किंवा दवात सकाळी लवकर वेचलेला कापूस ओलावा धरतो, आणि पाऊस बराच काळ पडत राहिला तर बोंडातला कापूस शेवटी भिजतोच.

तक्त्यात मी ‘कोणत्या अवस्थेत’ असा एक रकाना वाढवला. मातीपुढे तो लगेच कामी आला. कच्च्या मातीचा गोळा पाण्यात विरून चिखल होतो, तर भट्टीत भाजलेले खापर कितीही भिजवले तरी त्याची पुन्हा माती होत नाही. माठाची भिंत सच्छिद्र असल्याने पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर आतली उष्णता जाते. कोरड्या मे महिन्यात हे जितके जमते तितके दमट श्रावणात जमत नाही, हेही मुलांनीच सांगितले. तेवढ्यात एकजण उठून म्हणाला, की त्याच्या घरी माठ सुंदर दिसावा म्हणून त्याला बाहेरून ऑइलपेंट लावला आहे आणि तेव्हापासून पाणी गार होत नाही. मी खडू त्याच्या हातात दिला आणि तो माठाचा रकाना भरू लागला.