वायफाय स्ट्रीमर: लाईन जाते त्या गावात किती पैसे घालायचे?

अँप्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत, गाणी मोबाईलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर. मग दहा हजारांचा, कधी साठ हजारांचा तो स्ट्रीमर नावाचा डबा मधे कशाला? पाचशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हरही गाणं वाजवतोच.

फरक आवाजात फारसा नाही. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं. फोन आला की भजन थांबतं, फोन वावरात गेला की गाणं संपलं. स्ट्रीमर नेटवरून किंवा पेनड्राइव्हवरून गाणं स्वतः उचलतो, फोन नुसता रिमोट. पैसे या सोयीचे. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ; तो नीट वाजवायला, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करायला, काही शे रुपयांची पीसीएम ५१०२ चिप पुरते. बसस्टँडवरच्या दुकानातून कार्ड भरून आणलेली १२८ केबीपीएसची (फार दाबून लहान केलेली) गाणी तर साठ हजारांच्या डब्यातही तशीच वाजणार.

आता गावचा हिशोब. ३२० केबीपीएसचं गाणं तासाला १४४ एमबी खातं, सीडीच्या दर्जाचं साडेतीनशेच्या आसपास. रोजच्या दीड जीबीत ते चार तास चालतं, मग पोरांना अभ्यासाला नेट नाही. त्यात हॉटस्पॉट घरच्याच मोबाईलचा असला तर तो मोबाईल तालुक्याला निघाला की डबा मुका. म्हणून जागचा हलणार नाही असा राउटर आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह आधी. २५६ जीबीत सीडीच्या दर्जाची सातशे तासांच्या आसपास गाणी मावतात.

घेण्याआधी एक परीक्षा दुकानातच करा. राउटर चालू ठेवून त्याची नेटची वायर काढायला लावा आणि पेनड्राइव्हवरचं गाणं लावा. नेट गेलं म्हणजे घरातलं नेटवर्क गेलं असं नाही. राउटरला वीज आहे तोवर फोन आणि स्ट्रीमर एकमेकांशी बोलू शकतात. ॲप लॉगिन मागत अडून बसलं तर तो डबा आपल्या कामाचा नाही. या परीक्षेत अँड्रॉइड फोन मात्र फसवतो: वायफायला इंटरनेट नाही म्हणून गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि स्ट्रीमर सापडत नाही. वायफायवरच राहा असं त्याला सांगा, नाहीतर डेटा बंद करा.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड बघा (पुढे नुसता ‘पाय’). २०२१ साली १५ डॉलरला निघाला. त्याचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, पण मातीच्या जाड भिंतीतून तेच बरं जातं. त्यात मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकायचं, ते फुकट आहे. ५१०२ चिपच्या बोर्डाला पाच वायरी, नावं बोर्डावरची आणि पिन नंबर पायचे: ५ व्होल्ट पिन २ ला, ग्राउंड ६ ला, बीसीके १२ ला, एलआरसीके ३५ ला, डिन ४० ला. बोर्डावरची एससीके ग्राउंडला जोडायची. ती मोकळी सोडली की खरखर येते किंवा आवाजच येत नाही. ५१०२ चा बोर्ड जांभळा असेल तर मागचे सोल्डरचे चार जोड बघा: तिसरा एच अक्षराकडे, बाकी तिन्ही एल अक्षराकडे. तिसरा तसाच राहिला तर चिप म्यूटमध्ये बसते आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअर उकरत राहतो. मूडच्या आउटपुट यादीत हायफायबेरी डॅक निवडा.

लाईन गेली-आली की खरी पंचाईत. लाईन आल्यावर पाय आणि राउटर एकदमच उठतात, राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोवर पायला वायफाय दिसत नाही, मग तो स्वतःचाच हॉटस्पॉट काढून बसतो. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला की हे थांबतं. दुसरं, पायच्या मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना लाईन गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. कार्डावर फक्त सिस्टीम ठेवा, गाणी पेनड्राइव्हवर, आणि चालू सिस्टीमची नक्कल दुसऱ्या कार्डावर करून डब्यातच टाकून ठेवा. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अँप्लिफायर घूं करतो. दोष स्ट्रीमरचा नाही, डबा बदलून काही होणार नाही.

गाणी सगळी ‘अननोन आर्टिस्ट’मध्ये गोळा झाली तर फाइलींना टॅग, म्हणजे आत लिहिलेलं गाण्याचं-गायकाचं नाव, नाहीत. एमपी३टॅग या प्रोग्रामने फाइलच्या नावावरून टॅग भरता येतात. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, दंडार, भीमगीतं असे फोल्डर आधीच वेगळे करून घ्या, मग शोधायला त्रास नाही.

तयार डबा घेणाऱ्यांना: दहा-बारा हजारांचा ठीक, तोही घरात तीन-चार फोन आणि पैसे भरलेलं गाण्याचं ॲप असेल तर. त्याच्यावरचा म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. उरलेले पैसे स्पीकरात घाला, तिथे फरक कानाला कळतो.

भजनी मंडळाच्या आहुजा अँप्लिफायरला जोडायचं तर ऑक्समध्येच. माइकच्या भोकात घातलं की आवाज फाटतो, कारण ते मिलिव्होल्टसाठी असतं आणि बोर्ड २ व्होल्ट देतो. अँप्लिफायर मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेला, असल्याने एकच बाजू जोडली तर अर्धं गाणं गायब. दोन्ही वायरी नुसत्या पिळून जोडू नका. डाव्या-उजव्या दोघींना एकेक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे एकत्र करा.