जरा बारीक कर

यंदाच्या आषाढात आमच्या गाडीचा पंखा एककल्ली झाला. एक, दोन आणि तीन या खुणांवर बटण नेले तर झुळूकही येईना, आणि चारवर नेले की एकदम वादळ सुटे. घोडबंदर रस्त्यावर भर पावसात गाड्यांच्या रांगेत अडकलेलो असताना मागे बसलेली आई डोक्यावरून पदर घेऊन म्हणे, "अरे, तो वारा जरा बारीक कर." बारीक हा शब्द तिने गॅसच्या शेगडीवरून आणलेला आहे, वारा, रेडिओ, नळाचे पाणी, सगळे तिच्या लेखी मोठे किंवा बारीकच होते. मी पंखा बंद करी, दोन मिनिटांत समोरच्या काचेवर आतून वाफ धरे, मग पुन्हा चार आणि पुन्हा पदर.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला आपल्या गाडीत हीटर आहे याची आठवण क्वचितच होते. तापमानाच्या गोल बटणावरचा तांबडा अर्धा भाग आमच्याकडे जवळजवळ कोरा करकरीत राहिला आहे. पण हीटरचा आणि एसीचा वारा ढकलणारा पंखा एकच असतो आणि त्याची गती ठरवणारा भागही एकच. त्यामुळे थंड प्रदेशातले लोक ज्याला हीटरचा बिघाड म्हणतात, त्यालाच आपण एसीचा बिघाड म्हणतो. पावसाळ्यात मात्र त्या तांबड्या भागाचे मोल कळते. थंडगार वारा चारवर काचेकडे सोडला की आतली वाफ जाते खरी, पण काच इतकी गार होते की बाहेरच्या दमट हवेने तिच्यावर बाहेरून वाफ धरते. अशा वेळी एसी चालूच ठेवून बटण थोडे तांबड्याकडे सरकवावे आणि वारा दोनवर ठेवावा, हा माझा नेहमीचा उपाय. दोनच गेल्यावर तो उपायही गेला.

गॅरेजमधल्या गृहस्थांनी बोनेटही न उघडता निदान केले, की मोटर गेली, पूर्ण ब्लोअर, म्हणजे मोटरसकट पंखा, बदलावा लागेल. मला ते पटले नाही. जी मोटर चारवर एवढी धावते ती गेलेली कशी असेल? चारवर बॅटरीची वीज मोटरकडे थेट जाते. खालच्या तीन गतींसाठी तिला वाटेत रेझिस्टरच्या, म्हणजे प्रवाहाला अडवणाऱ्या तारांच्या, वेटोळ्यांतून जावे लागते, आणि गती जितकी कमी तितकी जास्त वेटोळी. म्हणजे सुसाट धावायला मोटरला कोणाचीच मदत लागत नाही. हळू चालण्यासाठी मात्र वेगळी सोय करावी लागते. ती सोय जळाली की उरते ती फक्त चार.

चरईतल्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर छताच्या पंख्याचा काळा, जेवणाच्या डब्याएवढा रेग्युलेटर होता. लहानपणी थंडीच्या दिवसांत मी त्याच्यावर हात शेकून घेत असे. "एकवर ठेव, वीज वाचते," असे वडील म्हणत, पण पंख्याला न दिलेल्या विजेतली बरीचशी त्या डब्यात उष्णता होऊन जात होती, हे त्यांना कोणी सांगितले नसावे. विद्युत्प्रवाह, दाब आणि रोध यांचे नाते ओहमने १८२७ साली मांडले. ते शाळेत पाठ केले होते, पण तो डबा गरम का होतो याच्याशी त्याचा काही संबंध असेल, असे परीक्षेपुरते वाचणाऱ्या मला कधी वाटले नाही. गाडीतला रेझिस्टर म्हणजे त्या डब्याचाच धाकटा भाऊ. माझ्या गाडीत पहिल्या गतीला वाटेत सुमारे २ ओहमचा रोध येतो. त्यातून ४ अँपिअर प्रवाह गेला तर १२ व्होल्टांपैकी ८ तिथेच खर्ची पडतात आणि ३२ वॅट उष्णता होते. गार वाऱ्याच्या वाटेत आपण एक लहानशी शेगडी पेटवून ठेवलेली असते.

ती वाऱ्याच्या वाटेत ठेवण्यालाही कारण आहे. पंख्याचाच वारा त्या तारांवरून वाहतो आणि त्यांना थंड ठेवतो. तारा फारच तापल्या तर आग लागू नये म्हणून शेजारी एक मण्याएवढा थर्मल फ्यूज असतो. तो स्वतः वितळतो आणि खालच्या तिन्ही गती एकदम घेऊन जातो.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढले. बॅटरीची ऋण तार सोडवली, डावीकडचा पुढचा कप्पा उतरवला आणि सीट मागे सारून पाय सीटवर व डोके ब्रेकच्या उंचीला अशा अवस्थेत शिरलो. वॉचमन दोनदा डोकावून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी पाणी हवे का, असे विचारले. काम म्हणजे दोन स्क्रू आणि एक कनेक्टर, एवढेच. पण दुसरा स्क्रू अशा ठिकाणी होता की तो बसवणाऱ्याने गाडीभोवती नव्हे, त्या स्क्रूभोवती गाडी बांधली असावी. तो निघाला, हातातून सुटला आणि गालिच्याखाली गेला. पाऊण तासातली वीस मिनिटे त्याच्या शोधात गेली.

जुना भाग घेऊन स्टेशनकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. "जुना आणलात ते बरं केलंत, साहेब. नुसत्या गाडीच्या नावावर नेतात आणि पिन जुळत नाहीत म्हणून परत येतात," असे म्हणून दुकानदारांनी पिना मोजून ४५० रुपयांचा नवा भाग काढून दिला.

तो बसवण्यापूर्वी आत येणारी हवा गाळणारा फिल्टर ओढून पाहिला आणि खरा गुन्हेगार सापडला. आमची गाडी गुलमोहोराखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून गेलेली त्याची बारीक पाने आणि मेट्रोच्या कामाची कित्येक वर्षांची धूळ यांचा तिथे नमदा तयार झाला होता. वारा कोंडला, तारा थंड होईनात, फ्यूज वितळला. फिल्टर न बदलता नुसता रेझिस्टर बदलला असता, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच आसन घालावे लागले असते.

संध्याकाळी जुना भाग आईने हातात घेतला, त्या तीन वेटोळ्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "ही तर आपल्या जुन्या कॉइलच्या शेगडीची तार." मग थोडा विचार करून तिने विचारले, की वारा बारीक करायला शेगडी कशाला? मी कागदावर आकृती काढून समजावू लागलो तेव्हा ती पोळ्या करायला निघून गेली होती.

आता एक ते चार सगळे चालते. फक्त कनेक्टरचे एक टोक किंचित तपकिरी झालेले दिसले होते, आणि ते तसेच राहू दिले आहे. मोटर जुनी होऊन जड फिरू लागली की जास्त प्रवाह ओढते आणि टोकांना असा रंग चढतो. म्हणून तासभर गाडी चालवली की मी कप्प्याखाली हात घालून ते किती तापले आहे ते पाहतो. कालपर्यंत ते कोमटच होते.