सुगडातला डॅनियल सेल: जस्त जास्त का झिजलं?

जस्त आणि तांब्यावरच्या रासायनिक क्रियेतून वीज देणाऱ्या डॅनियल सेलचा चोवीस तासांचा हिशेब हाती आला, म्हणून ही नोंद. मांडणी मागचीच: काचेच्या बरणीत मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) संपृक्त द्रावण आणि तांब्याचा पत्रा, मधोमध संक्रांतीचं सुगड, त्यात झिंक सल्फेटचं द्रावण आणि जस्ताची पट्टी. दोन्ही क्षार खतांच्या दुकानातले.

तारा मोकळ्या असताना १.०८ व्होल्ट मिळाले (प्रमाण स्थितीत १.१०). ४७ ओहमचा रोध जोडल्यावर प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास टिकला, म्हणजे सेलचा स्वतःचा रोध साधारण ७ ओहम. २४ तासांचे ०.४८ अँपिअर-तास झाले. फॅरेडेच्या नियमाने (किती वीज वाहिली त्यावरून किती धातू चढेल किंवा झिजेल ते तो सांगतो) पत्र्यावर ०.५७ ग्रॅम तांबं चढायला हवं होतं, चढलं ०.५५. एवढं जुळलं याचा फार आनंद झाला. पण जस्त ०.५९ ग्रॅम झिजायला हवं, तिथे खरवडून, धुऊन, वाळवून तोलल्यावर ०.८३ ग्रॅमची घट!

खरवडलं ते काळपट, भुसभुशीत तांबं होतं. सुगड जरा जास्तच झिरपत होतं. तांब्याचे आयन आत आले आणि त्यांनी जस्ताकडून थेट इलेक्ट्रॉन घेतले. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं) तेच, क्षपणही (इलेक्ट्रॉन घेणं) तेच, फक्त दोन्ही एकाच पट्टीवर. त्यामुळे ते इलेक्ट्रॉन तारेतून गेलेच नाहीत. सेल आणि नुसतं मोरचुदात बुडवलेलं जस्त यांतला फरक मला या ०.२४ ग्रॅमने जितका नीट दाखवला, तितका समीकरणांनी कधी दाखवला नव्हता. डॅनियलने १८३६ साली बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा वापरला होता. भाजक्या मातीचं भांडं नंतर आलं.

मग वाजवून, खणखणीत भाजलेलं सुगड निवडलं आणि आतली पातळी बाहेरच्यापेक्षा बोटभर वर ठेवली, म्हणजे झिरपलंच तर बाहेर झिरपेल. तेवढाच प्रवाह, तेवढाच वेळ. या खेपेला घट ०.६४ ग्रॅम.

नवीन मंडळींसाठी एक गोष्ट. ज्या टोकावर ऑक्सिडीकरण होतं तो अॅनोड. आपल्या शाळेच्या पुस्तकात अॅनोडला ‘धनाग्र’ म्हणतात. विद्युत अपघटनात ते शोभतं, पण इथे ऑक्सिडीकरण जस्तावर होतं, म्हणजे अॅनोड तेच, आणि तेच सेलचं ऋण टोक! म्हणून मी बरणीवर धन-ऋण लिहीतच नाही; ‘ऑक्सिडीकरण’ आणि ‘क्षपण’ अशा चिठ्ठ्या लावतो.

उरलेलं मोरचुदाचं पाणी मोरीत ओतू नका, माशांना ते विषारी असतं. लोखंडी काथ्या टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा. तांबं खाली बसतं.

पुढच्या खेपेला सुगड काढून चायना ग्रास आणि पोटॅशचा क्षारसेतू (दोन्ही द्रावणं जोडणारी, पण सहज मिसळू न देणारी क्षाराची जेली) करणार आहे. रोध नक्की वाढेल, पण जस्त किती दिवस स्वच्छ राहतं ते मला पाहायचंय.