जॅकेट कधी घालायचं?

‘सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी समोरून वारा, अशा हवेत शंभर किलोमीटर सायकल चालवता तरी कशी?’ लांबच्या सफरीला निघणारे हे हमखास विचारतात, आणि पुढचा प्रश्न असतो तो जॅकेट कोणतं घ्यावं हा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जॅकेट कोणतं यापेक्षा ते कधी घालायचं आणि कधी काढायचं, यावर दिवस जास्त अवलंबून असतो.

चढावर माणूस घामाने आतूनच भिजतो. रिमझिम असेल तर चढाच्या पायथ्याशीच जॅकेट काढा आणि पातळ कपड्यांत चढा. माथ्यावर मात्र थांबायचंच. अंग तापलेलं असतं, थंडी जाणवत नाही, म्हणून लोक तसेच उताराला लागतात आणि तिथेच फसतात. दर 1000 मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यात उतारावर पाय थांबलेले, वेग 40चा आणि अंगाला चिकटलेला ओला कपडा. थोड्याच वेळात बोटं बधिर होतात, ब्रेक किती दाबला गेला तेच कळेनासं होतं. म्हणून हुडहुडी भरायच्या आत आतला कपडा बदला, त्यावर जॅकेट चढवा, हातमोजे कोरडे घाला. हे सगळं बॅगेत सर्वांत वर हवं. सुती काहीच नको, ते पाणी धरून ठेवतं.

रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला (रिमला) रबरी पॅडने दाबणारे ब्रेक असतील, तर ओल्या रिमवर पॅड आधी नुसतं पाणी पुसतात, पकड त्यानंतर येते. वळण यायच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या. मुक्कामाला पोचल्यावर चाक काढून पॅड निरखून बघा. काळ्या रबरात ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण रुतलेले दिसतील. रस्त्यावरची रेती रिम खरवडते, तो कीस पॅडमध्ये अडकतो आणि दुसऱ्या दिवशी तोच रिम कापायला लागतो. सुईच्या टोकाने एकेक कण उकरून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

बऱ्याच दिवसांनी पाऊस पडला की पहिली काही मिनिटं सर्वांत निसरडी, कारण धूळ आणि तेल वर येतं. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं सरळ रेषेत ओलांडा, त्यांच्यावर वळू नका. टायरची हवा पाच-सात पीएसआयने (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) कमी केली तर पकड सुधारते. सामान जड असेल तर तेवढीही कमी करू नका, खड्ड्यात ट्यूब चिमटते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला, तर पक्क्या इमारतीत शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. रबरी टायरमुळे आपण वाचतो हा समज चुकीचा आहे.

समोरून वारा असेल तर मीटरवरचा वेग विसरा, एक-दोन गिअर हलके करून पायांची लय सांभाळा. अंतर कापायला किती तास लागतील याचा हिशेब नव्याने करा आणि मुक्काम अलीकडे घ्यावा लागला तर बेलाशक घ्या. गारव्यात तहान लागत नाही, तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या.

झोपायच्या आधी चेन फडक्याने कोरडी पुसा, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडा, पेडल उलटं फिरवून तेल मुरू द्या आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. बाहेर राहिलं तर सकाळी त्यावर रेती चिकटते.